दावणीला किती बांधावीत? मोकाट जनावरांच्या आश्रयाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात महामार्गावर जखमी झालेल्या एका मोकाट बैलाविषयी या सदरात थोडेसे लिहिले होते, त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. बहुतेक पत्रलेखक स्वतः हे काम करू लागलेले आहेत किंवा करू इच्छितात. एकाने मात्र शेतकऱ्याच्या बाजूने मला चांगलेच खडसावले आहे, आणि ते अनाठायी नाही. सरकारी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी एका आश्रयस्थानात जातो. तेथे जे पाहिले आणि जे चुकत चुकत शिकलो, त्याच्या आधारे सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही १४ मित्र-मैत्रिणींनी रस्त्यावर सोडून दिलेली जनावरे आणून एका मित्राच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ठेवण्यास सुरुवात केली आहे. दोन महिन्यांत ९ जनावरे झाली : तीन भाकड गाई, पाय अधू झालेला एक बैल, चार संकरित गोऱ्हे आणि एक रेडकू. रोज नवा फोन येतो आणि नाही म्हणवत नाही. आम्ही किती जनावरे ठेवू शकतो?
— एक वाचक, फलटण

उत्तर : आज आहेत तेवढीच, आणि ती वर्षभर नीट सांभाळता आली तर पुढचे पुढे. हे उत्तर तुम्हांला कठोर वाटेल, म्हणून त्यामागचा हिशेब मांडतो.

प्रौढ जनावराला दिवसाला साधारण १५ ते २० किलो हिरवा चारा आणि ५ ते ६ किलो वाळलेली वैरण लागते. दोन लहान जनावरे मिळून एक प्रौढ असे धरले, तर तुमच्याकडे साडेसहा जनावरे आहेत. म्हणजे रोजची सुमारे ३६ किलो वाळलेली वैरण, वर्षाची साधारण १३ टन, आणि त्याखेरीज रोज शंभर किलोंहून अधिक हिरवा चारा. पाण्याचा हिशेब प्रौढ जनावरामागे दिवसाला ४० ते ६० लिटर असा करावा. उन्हाळ्यात तेही कमी पडते. एकट्या पिण्यासाठी तुम्हांला रोज सव्वातीनशे लिटर पाणी हवे, गोठा धुण्याचे वेगळे. जागा प्रौढ गाईमागे छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि मोकळ्या आवारात सात चौरस मीटर, ही किमान मर्यादा समजावी. पोल्ट्रीची शेड लांबलचक असते, त्यामुळे छपराखालची जागा पुष्कळ वाटते. परंतु मोकळे आवार नसेल तर अधू बैल कायमचा बसेल.

शेडविषयी आणखी एक सूचना, आणि ती आजच अमलात आणावी. कोंबड्यांच्या खालची जुनी गादी, म्हणजे तूस आणि विष्ठा यांचा थर, तेथे शिल्लक असेल तर तो पूर्णपणे काढून दूर न्यावा आणि जनावरांच्या चाऱ्याजवळ येऊ देऊ नये. त्या थरात मेलेल्या कोंबड्यांचे अवशेष असू शकतात व त्यांतून बॉट्युलिझमचे विष जनावरांच्या पोटात जाते. अशी जनावरे मागच्या पायांतून लुळी पडत जातात, आणि त्यावर करण्यासारखे फारसे काही हाती राहत नाही.

चारा कधी घेता यावर तुमचे वर्ष ठरेल. रब्बी ज्वारीची काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा स्वस्त असतो. तोच कडबा मे महिन्यात आणि पाऊस लांबला तर जूनमध्ये परवडेनासा होतो. देणगीदारांकडे मे महिन्यात जाण्याऐवजी जानेवारीत जावे, गंजी रचून ती पावसापासून झाकावी आणि कुट्टी करूनच चारा घालावा, कारण अख्खी पेंढी टाकली की निम्मी पायाखाली जाते. तुमच्या भागात साखर कारखाने असल्यामुळे गळीत हंगामात उसाचे वाढे भरपूर व स्वस्त मिळेल आणि ते पाहून हायसे वाटेल. मात्र वाढ्यात ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असते व ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. केवळ वाढ्यावर महिनोन्‌महिने ठेवलेली जनावरे हाडांनी दुबळी होतात. म्हणून वाढ्याबरोबर कडबा द्यावा, वाढ्याच्या कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण चुकवू नये.

आता माणसांविषयी. सकाळ-संध्याकाळ धरून आठवड्याच्या १४ पाळ्या होतात आणि तुम्ही १४ जण आहात, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातून एक पाळी. कागदावर हे इतके सुबक दिसते की त्यावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो. आमच्याकडेही असेच वेळापत्रक होते. रविवारी गोठ्यात पंचवीस जण असत आणि मंगळवारी सकाळी सहा वाजता कोणीही नसे. परीक्षा, लग्नसराई, ताप, बदली ही कारणे खरीच असत, पण गव्हाण रिकामी राही. अखेर एका गुराखी कुटुंबाला पगार देऊन आवारातच राहण्याची सोय केली आणि स्वयंसेवकांकडे चारा आणणे, शेण काढणे, जखमांची मलमपट्टी, नोंदवही आणि वर्गणी ही कामे दिली. देणगीतला पहिला रुपया त्या पगारासाठी बाजूला ठेवावा. इंजेक्शन देणे आणि औषधाचे प्रमाण ठरवणे हे स्वयंसेवकांनी करू नये, मग मोबाइलवर कितीही चित्रफिती पाहिलेल्या असोत.

नव्या जनावराला किमान तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याची घागर-बादलीही वेगळी असावी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी त्वचारोग राज्यात पसरू लागला, तेव्हा हा वेगळा कोपरा असणे किती मोलाचे ठरते ते अनेक गोठ्यांनी पाहिले. अर्थात लम्पी माश्या, डास व गोचिडांमुळे पसरत असल्याने केवळ अंतर पुरत नाही, कीटकांचा बंदोबस्तही लागतो. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्याआधी टोचून घ्याव्यात. एखादी गाय गाभडली तर तिच्या वारेला उघड्या हाताने कोणीही स्पर्श करू नये; ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, आणि महिनोन्‌महिने येत-जात राहणाऱ्या तापाचे ते कारण आहे हे डॉक्टरांच्याही लवकर ध्यानात येत नाही.

दहाव्या जनावराच्या फोनला नकार देताना केवळ नकार देऊ नका. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक, जवळच्या मोठ्या पांजरपोळाचा पत्ता, आणि शक्य असल्यास तुमच्यापैकी दोघांनी जागेवर जाऊन केलेली मलमपट्टी, एवढे तुम्ही गोठा न भरताही देऊ शकता.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील महिला उरलेल्या पोळ्या, भात आणि सणासुदीच्या पुरणपोळ्या गोळा करून जवळच्या गोशाळेत नेऊन देत असत. गेल्या महिन्यात तेथील व्यवस्थापकांनी हे अन्न घेण्यास नकार दिला. आम्हांला फार वाईट वाटले. गाईला पोळी घालण्यात काय चूक आहे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : एका गाईला एक पोळी घालण्यात काहीच चूक नाही. पन्नास घरांच्या पोळ्या आठ गाईंपुढे ओतल्या जातात, तेथे बिघडते. गाईचे कोटीपोट म्हणजे शंभर लिटरांहून मोठी आंबवण्याची टाकी आहे आणि तिच्यातील सूक्ष्मजीव चोथ्यावर, म्हणजे चाऱ्यावर पोसलेले असतात. शिजवलेला भात, पोळ्या, गूळ एकदम पडले की ते झपाट्याने आंबतात, आम्ल साचते, रवंथ थांबते, पोट फुगते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावूही शकते. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामीण दवाखान्यांत जी गर्दी होते तिचे कारण हेच असते : ज्या बैलाची वर्षातून एकदा पूजा केली, त्यालाच त्या प्रेमापोटी पुरणपोळ्यांचा ढीग खाऊ घातलेला असतो. माझ्या नोकरीत पोळ्याची सुटी मी कधी पूर्ण उपभोगली नाही.

व्यवस्थापकांनी नकार दिला ते योग्यच केले. दोन शब्द समजावून सांगायला हवे होते, एवढीच त्यांची चूक. आपला गट आहेच, तर त्याचा उपयोग होऊ द्यावा. मटाराची टरफले, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवर-कोबीची पाने, गाजराचे शेंडे हे सर्व धुऊन, निवडून आणि त्यातील प्रत्येक रबरबँड, टाचणी व प्लॅस्टिकचा तुकडा काढून दिले तर कोणतीही गोशाळा ते आनंदाने घेईल, अर्थात चाऱ्याला जोड म्हणून. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरीही शहरातून आणलेल्या मोकाट गाईचे कोटीपोट शस्त्रक्रियेने उघडले की पिशव्यांचे गुंडाळे घमेल्याने काढावे लागतात. उष्ट्याची पिशवी गाठ मारून फेकली जाते आणि गाय ती गाठीसकट गिळते. आपल्या सोसायटीने ओला कचरा पिशवीत बांधून टाकणे थांबवले, तर तेही गोशाळेचेच काम झाले असे मी म्हणेन.

प्रश्न : रात्री महामार्गावर वाहनाने धडक दिलेले जनावर दिसल्यास आम्ही मित्र टेम्पो घेऊन जातो. ते उचलण्याची योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, खोपोली

उत्तर : प्रथम स्वतःला वाचवा. गाडी मागे उभी करून दिवे लावल्याशिवाय आणि एकाने दूर मागे जाऊन येणाऱ्या वाहनांना इशारा दिल्याशिवाय जनावराजवळ जाऊ नये. नंतर १९६२ आणि पोलीस, या दोघांना कळवावे. पोलिसांत नोंद झाली की मालक पुढे येऊन तुमच्यावरच चोरीचा आळ घेण्याचा प्रसंग टळतो. कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असेल तर त्याचे छायाचित्र त्याच क्षणी काढावे.

शेपूट, शिंगे किंवा पाय धरून ओढू नये. पाठीचा कणा दुखावलेला असेल तर ओढण्याने उरलीसुरली आशा संपते. जुना दरवाजा, जाड फळी किंवा दुहेरी ताडपत्री अंगाखाली सरकवून सहा-सात जणांनी एकदम उचलावे. जनावर कुशीवर सपाट पडलेले असल्यास त्याला छातीवर, पाय दुमडून बसते करावे आणि दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्यांचा आधार द्यावा. सपाट पडून राहिल्यास वायू बाहेर पडत नाही व पोटफुगीने जीव जातो. तोंडात पाणी ओतू नये. धक्क्यातील जनावराला नीट गिळता येत नाही आणि ते पाणी फुप्फुसात उतरते.

तोंडातून लाळ गळत आहे, आवाज घोगरा झाला आहे, जनावर सारखे हंबरत आहे आणि अपघाताची जखम मात्र कोठेच दिसत नाही, असे असेल तर “घशात काहीतरी अडकले असेल” म्हणून हात घालू नका. ते रेबीजही असू शकते. असा हात घालून नंतर धावतपळत लस घेणारे मालक मी पाहिले आहेत. या कामात नियमित असलेल्यांनी रेबीजप्रतिबंधक लस आधीच घ्यावी, आणि धनुर्वाताचीही.

वाचण्यापलीकडे गेलेल्या जनावराचे काय, हे आपण विचारलेले नाही, पण तो प्रसंग येईल. असह्य यातनेत असलेल्या जनावराला मुक्त करण्याची तरतूद प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या १३ व्या कलमात आहे. तो निर्णय पशुवैद्यकाचा लेखी अभिप्राय घेऊन पोलीस किंवा दंडाधिकारी यांच्या पातळीवर होतो, स्वयंसेवकांनी तो आपल्या अंगावर घेऊ नये.

प्रश्न : तुमच्या मागील लेखात जनावरे सोडून देणाऱ्यांना तुम्ही निर्दय म्हटले. माझ्याकडे एक म्हातारा बैल आणि दोन संकरित गोऱ्हे आहेत. बाजारात गिऱ्हाईक नाही, गोशाळा घेत नाही, वैरण विकत घ्यावी लागते. आमच्या शिवारात रात्रीतून कोणीतरी जनावरे सोडून जातो आणि ती आमचाच हरभरा खातात. निर्दय कोण?
— एक शेतकरी, औसा तालुका

उत्तर : तो शब्द मी मागे घेतो.

आपली अडचण तीन वेगवेगळ्या गोष्टींनी मिळून घडवली आहे. पहिली, ट्रॅक्टर आल्यापासून बैलाच्या कामाचे दिवस घटले. दुसरी, दुधासाठी जर्सी व होल्स्टीन रक्ताचे संकर झाले आणि त्यांतून जन्मणाऱ्या गोऱ्ह्याला ना वशिंड आहे ना उन्हात टिकण्याची ताकद. लाल कंधारी किंवा देवणी गोऱ्ह्याला तुमच्या भागात आजही मान आहे, संकरित गोऱ्ह्याला जन्मापासूनच मागणी नाही. तिसरी, १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस बंदी होती, पण कामास निरुपयोगी ठरलेले बैल दाखला घेऊन विकता येत. १९९५ च्या सुधारणा अधिनियमाला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांनाही ती बंदी लागू झाली. या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध येथे मी काही लिहिणार नाही. त्याने म्हाताऱ्या बैलाचा खर्च बाजाराकडून काढून शेतकऱ्याच्या दावणीवर आणला, आणि तो खर्च वाटून घेण्याची सोय मागाहून, तीही अपुरी, झाली, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ५० लाख मोकाट गोवंशीय जनावरे मोजली गेली, त्यांना एकेकाळी कोणाचे तरी दावे होते.

जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. एवढ्या रकमेत आज दोन पेंढ्या कडबा यायचा नाही, त्यामुळे या कलमाने कोणी थांबत नाही आणि थांबलाच तर त्याच्या वैरणीचा प्रश्न सुटत नाही. शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत गोशाळांतील देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केले. ते स्वागतार्ह आहे, परंतु रस्त्यावर जे दिसतात ते बहुधा संकरित गोऱ्हेच असतात, आणि देशी गाईसाठी काढलेल्या योजनेत त्यांची सोय होत नाही.

मग करावे काय? पुढची गोष्ट आधी सांगतो. आपल्या गाईला कृत्रिम रेतन करताना लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मागावी; दहांतील साधारण नऊ वेळा कालवडच होते. गोऱ्ह्यांचे खच्चीकरण वेळेवर करून घ्यावे, म्हणजे ते निदान मारके होत नाहीत आणि छोट्या शेतकऱ्याकडे हलक्या कामाला जाऊ शकतात. चार-पाच जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र चालते. तीन जनावरांत ते पुरेसे चालत नाही, पण शेजाऱ्याच्या दोन जनावरांचे शेण मिळाले तर गॅस आणि मळी दोन्ही पदरात पडतात. हा वैरणीचा संपूर्ण मोबदला नव्हे, काही भाग मात्र निघतो.

यानंतरचे उत्तर आपल्यासाठी कमी आणि वरील फलटणच्या मंडळींसाठी अधिक आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात, सोलापूर-साताऱ्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या तेव्हा शेतकरी जनावरांसह छावणीत राहिले. शेण त्यांनीच काढले, पाणी त्यांनीच पाजले, छावणीने चारा व पाणी पुरवले. जनावराला ओळखणारा माणूस त्याच्याजवळच होता, म्हणून एवढ्या मोठ्या संख्येचा सांभाळ शक्य झाला. आमच्या आश्रयस्थानाने गेल्या तीन वर्षांपासून हेच लहान प्रमाणात चालवले आहे. जनावर सोडण्याच्या बेतात असलेल्या शेतकऱ्याशी साधा लेखी करार करावयाचा : जनावर त्याच्याच गोठ्यात राहील, निम्मी वैरण आणि औषधपाणी आम्ही देऊ, महिन्यातून एकदा स्वयंसेवक येऊन पाहून जातील. आमच्या आवारात आणून बांधण्यापेक्षा हे निम्म्याहून कमी खर्चात होते. छायाचित्रे फारशी चांगली येत नाहीत आणि देणगीदारांना दाखवायला गोठाही नसतो, हीच या पद्धतीची एकमेव अडचण. आपल्या तालुक्यातील एखाद्या संस्थेने हे करावे यासाठी मी स्वतः पत्र लिहायला तयार आहे, संपादकांमार्फत कळवावे.

प्रश्न : आमच्या गावच्या कोंडवाड्यात ग्रामपंचायत मोकाट गुरे डांबते, पण तेथे पाण्याचा हौददेखील कोरडा असतो. बाहेरच्या लोकांनी चारा-पाणी नेलेले चालते का?
— एक निवृत्त शिक्षक, कुडाळ

उत्तर : चालते, आणि न्यावेच. कोंडलेल्या गुरांना चारा-पाणी देण्याची जबाबदारी कोंडवाडा चालवणाऱ्याची आहे व तो खर्च मालकाकडून दंडाबरोबर वसूल करता येतो, हे ग्रामपंचायतीला लेखी स्मरण करून द्यावे. अर्जाची पोच घ्यावी. तोवर हौद भरण्यासाठी परवानगीची वाट पाहू नये. मालक आलाच नाही तर जनावर पांजरपोळाकडे सोपवण्याचा ठराव ग्रामपंचायतीकडून करून घ्यावा. गोशाळेत सहसा गाई-बैलच घेतात; पांजरपोळाची परंपरा मात्र म्हैस, शेळी, घोडा, पक्षी असा भेद न करण्याची आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने निघाला तो तर शहरातील भटकी कुत्री मारण्यावरून १८३२ मध्ये उसळलेल्या दंगलीनंतर.

प्रश्न : आम्ही आणलेला पहिला बैल चाळीस दिवस पडून होता आणि अखेर गेला. अंगाखाली मोठमोठ्या जखमा झाल्या होत्या. गटातील तिघांनी येणे सोडले आहे. आमचे कोठे चुकले?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : बसलेले मोठे जनावर स्वतःच्या वजनाखाली चिरडत असते. चारशे किलोंचा भार एकाच मांडीवर राहिला की काही तासांतच तिथल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटू लागतो, आणि मूळ आजार बरा झाला तरी ते उठू शकत नाही. म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलणे, रात्रीसुद्धा, आणि खाली वाळू किंवा कडब्याचा जाड थर, हाच खरा उपचार आहे. सिमेंटच्या जमिनीवर पोते अंथरून तो होत नाही. रात्रीच्या दोन पाळ्या लावणे तुम्हांला शक्य होते की नाही, हे तुम्हीच पाहावे. नसेल, तर तुमचे काही चुकले नाही. असे जनावर आणण्याची तुमची तयारी नव्हती, आणि पुढच्या वेळी ते पहिल्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावे. पहिले दोन-तीन दिवस उलटूनही उभे राहण्याची धडपड दिसत नसेल तर आशा फार थोडी उरते, आणि हे पशुवैद्यकाने स्वयंसेवकांना तेव्हाच स्पष्ट सांगायला हवे होते.

मृत जनावर सहा-सात फूट खोल खड्ड्यात, विहीर व ओढ्यापासून दूर, चुना टाकून पुरावे. वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक कोणी टोचलेले नाही ना, याची खात्री करून घ्या; त्या औषधाच्या अंशामुळे गिधाडे मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय दवाखान्यात मिळतो. जे तिघे येत नाहीत त्यांना गोठ्यात बोलावू नका. चारा खरेदीचा हिशेब, देणगीच्या पावत्या, कराराच्या घरांच्या मासिक फेऱ्या, अशी जखमांपासून दूरची कामे त्यांच्याकडे घेऊन जा. आमच्याकडे असे गेलेल्यांपैकी दोघी दीड वर्षाने वासरांना बाटलीने दूध पाजायला परत आल्या. एक जण आला नाही, पण फेब्रुवारीत कडब्याचा ट्रक त्याच्याच ओळखीने येतो.